फुल थ्रॉटल, धूर नाही, दम नाही: एका जुन्या ट्रॉलरच्या इंजिनाचं प्रकरण

दापोली तालुक्यातल्या एका बंदरातल्या बोटीची ही हकीकत. मालक, तांडेल (बोट चालवणारा) आणि आधी काम केलेला फिटर यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बिघाड, तपासणी आणि दुरुस्ती घडली तशीच मांडली आहे.

पार्श्वभूमी

बोट लाकडी, सुमारे ४८ फूट लांब, वय २५ वर्षांच्या पुढे. इंजिन सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं, साधारण ११० अश्वशक्तीचं. मूळ ट्रकच्या घराण्यातलं आणि समुद्रासाठी थोडं बदललेलं. कोकण किनाऱ्यावर अशी इंजिनं भरपूर चालतात, कारण सुटे भाग सहज मिळतात आणि ती उघडणारा माणूसही जवळपास सापडतो. इंजिन दहाएक वर्षांपूर्वी बदललेलं होतं. डिझेलची टाकी मात्र बोटीइतकीच जुनी: लोखंडी पत्र्याची, ८०० लिटरची, डेकखाली बसवून वरून फळ्या ठोकलेली, आत हात घालायला झाकण नाही. हे मालकाने पहिल्या भेटीत सांगितलं नाही. बिघाड इंजिनात आहे म्हटल्यावर टाकीबद्दल कोण बोलणार?

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोट खाडीत आत घेऊन शाकारली होती आणि टाकीत निम्म्याहून कमी डिझेल होतं. पावसाळ्यातली दमट हवा टाकीच्या रिकाम्या भागात शिरते, थंड पत्र्यावर तिचं पाणी होतं आणि ते डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं. त्यात डेकवरच्या भरण्याच्या टोपीचा वॉशर झिजून कडक झालेला होता. डेक धुतलं की थोडं पाणी तिथूनही उतरत असणार.

अडचण कशी वाढत गेली

नारळी पौर्णिमेनंतर बोट बाहेर पडली तेव्हा सगळं ठीक होतं. सप्टेंबरच्या मध्याला तांडेलाच्या लक्षात आलं की पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन पूर्वीसारखं १८०० आरपीएमला जात नाही, १५०० च्या आसपास अडकतं. जाळं ओढताना तर त्याहून खाली येतं. मालकाने डिझेलचा फिल्टर बदलला. एक फेरी बरी गेली, मग पुन्हा तेच. पुन्हा फिल्टर बदलला, आणि पुन्हा एक फेरी बरी गेली.

मग बंदरावरच्या फिटरला बोलावलं. त्याने टॅपेट (झडपांची फट) सेट केले, एअर फिल्टर झटकला आणि तरी फरक पडेना म्हणून डिझेल पंपाचं टायमिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल सोडण्याची वेळ, थोडं पुढे घेतलं. हा उपाय अडाणीपणाचा नव्हता. टायमिंग पुढे घेतलं की काही इंजिनं खरंच थोडी हलकी वाटतात, आणि या बोटीलाही ५०-६० आरपीएम मिळाले. मालक खूश झाला. पण ऑक्टोबरमध्ये ठोका सुरू झाला. कोरडा, टणक, जोर दिला की वाढणारा. सोबत भार घेताना थोडा काळा धूरही दिसू लागला.

फिटरने कानाला स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं आणि सांगितलं, "बेअरिंग गेलंय नाखवा, क्रँक बाहेर काढायला लागेल." नोव्हेंबरमध्ये मालकाने मला, म्हणजे दुसऱ्या मिस्त्रीला, बोलावलं ते दुसरं मत घ्यायला. मीही बेअरिंगच म्हणेन, अशीच त्याची तयारी होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता तसंच चालवायचा. १३०० च्या वर जायचं नाही, जाळं कमी वेळ ओढायचं आणि हंगाम रेटायचा. मालकाचा कल इकडे होता आणि त्याची कारणंही समजण्यासारखी होती. खलाशांपैकी बरेच नेपाळचे, पगारावर आलेले, आगाऊ रक्कम दिलेली. बोट किनाऱ्याला बांधून ठेवली तरी त्यांचा पगार आणि जेवण चालूच.

दुसरा पर्याय पूर्ण ओव्हरहॉलचा. डेकच्या फळ्या काढून इंजिन उचलायचं, क्रँक, बेअरिंग, पिस्टन, रिंग सगळं बघायचं. अंदाज दोन-अडीच लाख रुपये आणि किमान तीन आठवड्यांचा, तोही भर हंगामात.

तिसरा म्हणजे बोट खाडीत आणून टप्प्याटप्प्याने तपासणी. आधी ज्यात काही उघडावं लागत नाही ते, मग स्वस्तातलं, आणि शेवटी इंजिन.

पहिल्या पर्यायाला माझा विरोध ठोक्यामुळे नव्हता, खाडीच्या मुखामुळे होता. तिथे वाळू साचलेली आहे. लाटा फुटत असताना त्या पट्ट्यातून आत येताना इंजिनाने मान टाकली तर बोट आडवी पडायला वेळ लागत नाही. समुद्रात दम सुटणं हा वेळेचा आणि पैशाचा प्रश्न, मुखाशी दम सुटणं हा माणसांचा. हे तांडेलाला मालकापेक्षा आधी पटलं. पर्याय तिसरा ठरला, त्यात त्याच्या मताचं वजन जास्त होतं.

तांडेलाने सांगितलेलं

पाना हातात घेण्याआधी तांडेलाशी बसून बोललो. हा माणूस रोज दहा-बारा तास त्या इंजिनाच्या डोक्यावर उभा असतो, पण आवाज कधीपासून यापलीकडे त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. त्याच्याकडून चार गोष्टी कळल्या.

दम सुटायचा तो निघाल्या निघाल्या नाही, वीसेक मिनिटांनी. थोडा वेळ आयडलला ठेवलं की इंजिन परत उचल खायचं. समुद्र खवळलेला असला की त्रास जास्त, "लाट असली की लवकर दम सोडते." आणि सप्टेंबरमध्ये, म्हणजे ठोका सुरू होण्याआधी, फुल थ्रॉटलला धूर अजिबात नव्हता.

चौथी गोष्ट सगळ्यात मोलाची. बोटीच्या तळाला शिंपले चिकटून भार वाढला असेल, पाण्याखालच्या पंख्यात जाळ्याचा दोर अडकला असेल किंवा इंजिनाला हवा कमी पडत असेल, तर गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) डिझेल वाढवतो, ते पूर्ण जळत नाही आणि धूर काळा येतो. थ्रॉटल पूर्ण उघडा, आरपीएम कमी आणि तरी धूर स्वच्छ, याचा अर्थ इंजिनापर्यंत डिझेलच पुरेसं येत नाही. नव्या इंजिनाला संगणक असतो, बिघाडाचा कोड तरी दाखवतो. जुन्या इंजिनाचा धूर हाच त्याचा कोड.

पण नोव्हेंबरमध्ये समोर असलेल्या बोटीला ठोकाही होता आणि काळा धूरही. दोन्ही तक्रारी एकत्र दिसत होत्या म्हणून सगळे एकच कारण शोधत होते, आणि दोन्हीला पुरून उरेल असं एकच कारण म्हणजे खराब झालेलं इंजिन.

तपासणी

आधी बेअरिंगचा प्रश्न निकालात काढायचा होता, कारण तो खरा असेल तर इंजिन चालवणंच धोक्याचं. तेलाचा दाब थंड असताना चांगला होता आणि तापल्यावर आयडललाही दीड बारच्या खाली येत नव्हता. डिपस्टिकवर पातळी वाढलेली नव्हती, तेलाला डिझेलचा वास नव्हता. तेलाचा फिल्टर कापला, कागदाच्या घड्या पांढऱ्या फडक्यावर उलगडल्या आणि बॅटरीच्या उजेडात पाहिल्या. काजळी होती, चमकणारा धातूचा कण नव्हता. बेअरिंग खाल्लं जात असतं तर तिथे काहीतरी दिसलं असतं.

मग गिअर न्यूट्रल करून त्याच आरपीएमला ऐकलं. ठोका कमी होता, पण होता. म्हणजे तो पंख्याचा शाफ्ट किंवा कपलिंगचा नव्हे. ओहोटीला बोट वाळूवर बसली तेव्हा तळ आणि पंखाही पाहून घेतला. एका पात्याचं टोक किंचित दुमडलेलं होतं आणि तळाला थोडे शिंपले होते, पण तेवढ्यावर ३०० आरपीएम जात नाहीत.

पुढची कसोटी जुनीच: इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपचा नट सैल करायचा आणि त्या सिलिंडरचं डिझेल तोडायचं. हे करताना फडकं धरायचं आणि हात धारेच्या वाटेत आणायचा नाही, कारण त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि ती जखम वरून दिसते त्यापेक्षा फार वाईट असते. चौथा सिलिंडर तोडला तेव्हा ठोका निम्म्याने कमी झाला, धूर जवळजवळ गेला, पण इंजिनाचा वेग फारसा पडला नाही. म्हणजे तो सिलिंडर आवाज करत होता, काम करत नव्हता. बाकीचे पाच तोडताना वेग व्यवस्थित पडत होता आणि ठोका प्रत्येक वेळी थोडासाच मऊ होत होता.

ठोका थोडाथोडा सगळीकडे असेल तर सगळ्यांना लागू होणारी गोष्ट बघायची, आणि ती म्हणजे टायमिंग. पंपाच्या फ्लँजवर (इंजिनाला जोडणाऱ्या कडेवर) जुन्या हिरव्या रंगाचा थर होता. त्या थरात पंप आणि इंजिन यांच्या सांध्यावर एक सरळ भेग होती आणि तिची दोन टोकं एकमेकांपासून तीनेक मिलिमीटर सरकलेली होती. मध्ये उघडं, चकचकीत लोखंड. पंप हलवण्याआधी कुणी खूण केली नव्हती, पण रंगाने ती ठेवली होती. पहिल्या सिलिंडरच्या पाइपातून डिझेलचा थेंब कधी थांबतो हे बघून टायमिंग मोजलं. ते पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा साधारण ५ अंश पुढे होतं.

टायमिंग पुढे गेलं की डिझेल आत येतं तेव्हा दाबलेली हवा अजून पुरेशी तापलेली नसते. ते पेट घ्यायला वेळ लावतं, तोवर आणखी डिझेल साचतं आणि मग सगळं एकदम पेटतं. तोच ठोका. तो जास्त दिवस चालू दिला असता तर फिटरने सांगितलेली बेअरिंग खरोखर गेली असती.

टायमिंग मूळ खुणेवर आणलं. सगळी नोझल काढून तपासणीच्या पंपावर लावली. चौथं फवारा न मारता थेंब टाकत होतं, त्याची सुई अडकलेली आणि टोकाला गंजाचा डाग. दुसरं आणि पाचवं कमी दाबाला उघडत होतं. तिन्ही बदलली, बाकीची साफ करून तांब्याचे नवे वॉशर घालून बसवली. ठोका गेला. काळा धूर गेला. आणि आरपीएम १४५० वर आले, म्हणजे आधीपेक्षाही कमी.

मालक वैतागला. "आवाज गेला तसा होता तो दमही गेला मिस्त्री," असं म्हणाला, आणि दिसायला त्याचं बरोबरच होतं. आधीच्या फिटरनेही टायमिंग पुन्हा पुढे घेण्याचा सल्ला दिला. प्रकरणातला हा सगळ्यात अवघड क्षण. ज्या दुरुस्तीने लक्षण वाईट झाल्यासारखं दिसतं ती योग्य आहे, असं गिऱ्हाइकाला पटवणं सोपं नसतं. मी एवढंच म्हटलं की नोझलच्या टोकाला गंज आला तो पाण्यामुळे, आणि पाणी डिझेलमधून आलं. ते कुठून आलं हे कळेपर्यंत नवी नोझलही उधारीवरच आहेत.

डब्याची कसोटी

३५ लिटरचा कॅन घेतला, स्वच्छ डिझेल भरलं, इंजिनापेक्षा उंचावर बांधला आणि टाकीची लाइन सोडवून फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाला) त्या कॅनमधून डिझेल दिलं. परतीचा पाइपही त्याच कॅनमध्ये सोडला. हे विसरलं तर कॅन झपाट्याने रिकामा होतो आणि टाकी भरत राहते. भरतीला बोट बाहेर काढून पूर्ण थ्रॉटल दिला. १७५० आले आणि अर्धा तास तसेच राहिले. परत टाकीची लाइन जोडली तर पंधरा मिनिटांत इंजिन १५०० च्या खाली.

फिल्टर आणि फीड पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा घातला होता. दम सुटतानाही त्यात बुडबुडे दिसले नाहीत. म्हणजे लाइन कुठे हवा ओढत नव्हती, मागे काहीतरी तुंबत होतं. पाणी वेगळं करणाऱ्या बाटलीतलं डिझेल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवलं. सकाळी तळाला दोन बोटं पाणी आणि डिझेल-पाण्याच्या मधोमध काळपट पापुद्रा. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात, त्यांचा तो थर. मालक इतके दिवस ही बाटली बादलीत ओतून देत होता, बरणीत कधी पाहिली नव्हती.

टाकीत काय सापडलं

टाकी रिकामी केली आणि बाजूला तोंड पाडायचं ठरलं. वेल्डर गॅसचा कटर घेऊन आला होता. त्याला परत पाठवलं. रिकामी झालेली डिझेलची टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची असते, आत उरलेली वाफ आणि हवा मिळून स्फोट होऊ शकतो. आम्ही ड्रिलने भोकं पाडून, ग्रीस लावत, छिन्नीने हळूहळू तोंड उघडलं. वेळ जास्त गेला, मालकाने घड्याळ बघितलं, पण याबाबतीत तडजोड नाही.

तळाला काकवीसारखा काळा गाळ होता, आणि उचल पाइपच्या (टाकीतून डिझेल वर ओढणाऱ्या नळीच्या) तोंडापाशी गंजाची एक खपली पडलेली, रुपयाच्या नाण्याएवढी, पातळ, एका बाजूने वाकलेली. मी पाइपच्या तोंडाला ती लावून बघितली तर बरोबर बसत होती. मग तांडेलाने सांगितलेलं सगळं जुळलं. आयडलला डिझेल कमी ओढलं जातं, खपली तळाला पडून राहते. पूर्ण थ्रॉटलला ओढ वाढली की ती उचलली जाऊन तोंडाला चिकटते, आणि जोर कमी केला की सुटते. लाटेत ती गाळासकट हलते म्हणून त्रास लवकर होतो. फिल्टर बदलल्यावर ओढायला वाट मोकळी, म्हणून एखादी फेरी निभावायची.

केलेलं काम

टाकी खरवडून, डिझेलने धुऊन, फडक्याने कोरडी केली. पाडलेल्या तोंडाला बोल्टचं झाकण बसवलं, गॅस्केट नायट्राइल रबराचं. साधं रबर डिझेलमध्ये फुगतं. उचल पाइप तळापासून इंचभर वर घेतला आणि सगळ्यात खोल कोपऱ्यात निचऱ्याचा कॉक लावला. डेकवरच्या टोपीचा वॉशर बदलला.

इंजिनाजवळ वर एक छोटी डे-टँक बसवली, तिलाही तळाला निचऱ्याचा कॉक. मुख्य टाकी ऐनवेळी तुंबली तरी खाडीचं मुख ओलांडण्यापुरतं डिझेल त्यात असतं. मालकाला हा खर्च जास्तीचा वाटला, तांडेलाने हट्ट धरला. माझं मत तांडेलासारखंच होतं.

कपलिंगची ओळही, म्हणजे इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत आहेत का तेही, मोजली. दोन फ्लँजमधली फट एका बाजूला ०.४ मिलिमीटर जास्त होती. सहा इंची कपलिंगला ०.१५ च्या आत हवी. पत्रे घालून ती तेवढ्यावर आणली. याचा ठोक्याशी संबंध नव्हता, पण लाकडी बोट पाण्यात उतरल्यावर फुगते, आकार बदलते, म्हणून बोट उतरवल्यानंतर काही दिवसांनी ही ओळ पाण्यातच तपासायला हवी. इथे ती कोरड्यावर लावून तशीच सोडलेली होती.

डिझेल पंप मात्र उघडला नाही. नोझलपर्यंत पाणी पोचलं तर पंपातल्या बारीक भागांनाही लागलं असणार, हे उघड होतं. पण त्यासाठी पंप वर्कशॉपला पाठवावा लागला असता आणि बोट आणखी थांबली असती. तेलाचा दाब आणि धूर ठीक आहे तोवर पंप बंदीच्या काळात काढायचा, असं मालकाशी बोलून ठरवलं. ही जोखीम होती आणि ती त्याला स्पष्ट सांगितली होती.

परिणाम

पूर्ण थ्रॉटलला १७८० आरपीएम, जाळं ओढताना १६०० च्या वर, धूर नाही, ठोका नाही. एकूण खर्च ओव्हरहॉलच्या अंदाजाच्या पाचव्या हिश्शाहून कमी आला. बोट आठवडाभरात बाहेर पडली आणि मेअखेरपर्यंत डिझेलचा फिल्टर ठरलेल्या वेळीच बदलावा लागला.

जूनमध्ये पंप काढला. चौथ्या सिलिंडरच्या प्लंजरवर (पंपातल्या डिझेल दाबणाऱ्या दांड्यावर) ओरखडे होते, तो बदलला. बाकीचे वापरण्याजोगे निघाले.

वेगळं काय करता आलं असतं

डब्याची कसोटी सप्टेंबरमध्ये पहिल्याच दिवशी करता आली असती. त्याला लागतात एक कॅन, दोन नळ्या आणि एक तास. ती झाली असती तर टायमिंगला हात लागला नसता, ठोका आला नसता आणि बेअरिंगची भीतीही नाही. दुसऱ्यांदा फिल्टर बदलून बरं वाटलं तेव्हाच टाकीकडे बोट दाखवणारा पुरावा हातात होता. फिल्टर वारंवार तुंबत असेल तर खराब झालेली वस्तू फिल्टर नसते.

टायमिंग बदलायचं तर आधी छिन्नीने खूण करावी, हे आधीच्या फिटरलाही माहीत होतं. भर समुद्राच्या कडेला, खलाशी वाट बघत उभे असताना, घाईत राहिलं.

या वेळी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) मोजलं नाही, कारण या हेडला बसणारा जोड जवळपास मिळाला नाही. सिलिंडर तोडण्याच्या कसोटीवर भागवलं आणि भागलं. पण चौथ्या सिलिंडरची रिंगही चिकटलेली असती तर नोझल बदलूनही तो कमजोर राहिला असता आणि आम्ही आणखी चार दिवस टाकी-पंपाभोवती फिरलो असतो.

बोटीवर नोंदवही नव्हती. आरपीएम, तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, रोज एका ठरलेल्या ठिकाणी, एवढं तरी लिहायला हवं होतं. तांडेलाची आठवण चांगली होती म्हणून निभावलं. आता तो वही ठेवतो. टाकी मात्र अजून तीच आहे. पत्रा आतून पातळ झालाय, पुढच्या बंदीत बदलायचा विचार आहे, आणि डेकच्या फळ्या काढायला सुतार मिळतो का यावर ते अवलंबून आहे.